स्वयंपाकघराच्या छतातले दिवे: आखणी ओट्यापासून सुरू करा

प्रकाशयोजनेच्या कामात नव्याने येणाऱ्यांना मी पहिला नकाशा देते तो स्वयंपाकघराचा. दिवाणखान्यात दिवा वीतभर इकडेतिकडे झाला तरी फारसं बिघडत नाही. इथे माणसाच्या हातात सुरी असते, त्यामुळे दिव्याची जागा चुकली तर ती रोज जाणवते.

नवशिके सहसा छताचा नकाशा पुढ्यात घेतात, सारखे चौकोन पाडतात आणि प्रत्येक चौकोनाच्या मध्यावर एक डाउनलाइट, म्हणजे छतात बसवलेला, सरळ खाली उजेड टाकणारा दिवा मांडतात. कागदावर ते देखणं दिसतं. प्रत्यक्षात दिवा ओट्याशी उभ्या असलेल्या माणसाच्या पाठीमागे येतो आणि त्याच्या डोक्याखांद्यांची सावली नेमकी चिरायच्या फळीवर पडते. खोलीत लख्ख उजेड आणि हाताखाली अंधार, अशी कितीतरी घरं मी पाहिली आहेत. एका घरी आजी फळी उचलून खिडकीपाशी जाऊन बसत, डोक्यावर छतभर दिवे चालू असताना. तेव्हापासून कुठल्याही घरात मी आधी विचारते, ‘तुम्ही चिरायला कुठे उभ्या राहता?’ वयस्कर डोळ्यांत तरुण डोळ्यांपेक्षा बराच कमी प्रकाश पोचतो आणि त्यांना चकाकीचा त्रासही जास्त होतो. म्हणून घरात कोण स्वयंपाक करतं हे माहीत असल्याशिवाय दिव्यांचा आकडा ठरवू नका.

आता जागा. ओटा साधारण ६० सेंटीमीटर खोल असतो. दिव्याचा मध्य भिंतीपासून सुमारे ६० सेंमीवर, म्हणजे ओट्याच्या पुढच्या कडेच्या बरोबर वर घ्या. मग प्रकाश माणसाच्या पाठीवर न पडता हातांवर उतरतो. भिंतीच्या आणखी जवळ नेला तर जास्त उजेड मिळेल असं वाटतं, पण वरची कपाटं आड येतात. हे शब्दांवर मानू नका, बाजूचा नकाशा काढून रेघ ओढा. छत २४० सेंमीवर, कपाटाचा तळ १४० वर, ओटा ९० वर आणि कपाटाची खोली ३५ सेंमी धरा. दिवा भिंतीपासून ४० वर असेल तर कपाटाच्या कडेला घासून जाणारा किरण ओट्यावर भिंतीपासून ३२ सेंमीच्या आसपास टेकतो. त्याच्या मागे सावली. तोच दिवा ६० वर नेला की किरण २२ सेंमीच्या जवळ टेकतो. म्हणजे योग्य जागेवरचा दिवासुद्धा ओट्याचा मागचा पट्टा उजळत नाही. तो पट्टा कपाटाखाली लावलेल्या एलईडी स्ट्रिपनेच उजळतो, आणि ती स्ट्रिप कपाटाच्या पुढच्या कडेजवळ, आतल्या बाजूला लावायची. छतातल्या दिव्यांकडून सगळंच काम करून घ्यायचा हट्ट धरू नका.

दोन दिव्यांमधलं अंतर बीम अँगलवर ठरतं. प्रकाशाची तीव्रता दोन्ही बाजूंना मध्याच्या निम्म्यावर येते त्या दोन कडांमधला कोन म्हणजे बीम अँगल. वरच्याच घरात छतापासून ओटा १५० सेंमी खाली आहे. ३६ अंशांचा दिवा तिथे जवळजवळ ९७ सेंमी व्यासाचं वर्तुळ पाडतो, ६० अंशांचा सुमारे १७३ सेंमीचं. ३६ अंशांचे दिवे सव्वा मीटरवर लावले तर ओट्यावर उजेड-सावलीचे ठिपके दिसणारच. मी ओट्यासाठी ६० अंशांच्या आसपासचे, आत खोल बसलेल्या एलईडीचे दिवे निवडते, म्हणजे वर नजर गेली तरी डोळे दिपत नाहीत.

एकूण प्रकाशाचा हिशोब तसा सोपा आहे. दिव्यातून निघणारा प्रकाश ल्युमेनमध्ये मोजतात, आणि एका चौरस मीटरवर किती ल्युमेन पडतात तो आकडा म्हणजे लक्स. खोलीत सर्वसाधारण ३०० लक्स आणि ओट्यावर ५०० लक्स हे चांगलं लक्ष्य आहे. ३ बाय ४ मीटरच्या, म्हणजे १२ चौरस मीटरच्या खोलीला ३०० लक्सच्या हिशोबाने ३६०० ल्युमेन लागतात. त्यातला साधारण ६० टक्केच प्रकाश कामाच्या उंचीवर पोचतो असं धरलं तर दिव्यांमधून ६००० ल्युमेन निघायला हवेत, म्हणजे ८०० ल्युमेनचे ८ दिवे. कपाटं गडद रंगाची असतील तर ती प्रकाश गिळतात, तेव्हा हा आकडा वाढवा. वॅटवरून मात्र हिशोब करू नका.

रंगाबद्दल थोडक्यात: प्रकाशाचा पिवळेपणा-पांढरेपणा केल्विनमध्ये सांगतात; ३००० ते ४००० केल्विनमधला कुठलाही घ्या, पण स्ट्रिपसकट सगळे एकसारखे घ्या. सीआरआय, म्हणजे दिव्याखाली वस्तूंचे रंग किती खरे दिसतात त्याचा १०० पैकी आकडा, ९० किंवा त्याहून जास्त असू द्या आणि आर९चा आकडाही मागून घ्या. लाल रंग किती खरा दिसेल ते त्यावरून कळतं.

स्ट्रिपला एक स्विच आणि ओट्यावरच्या नि मधल्या दिव्यांना वेगवेगळे स्विच द्या. उजेड कमी-जास्त करणारा डिमर हवा असेल तर ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला योग्य वीज पुरवणारा छोटा डबा, डिमरला चालणारा आहे का ते आधी पाहा आणि एक दिवा जोडून अगदी मंद करून बघा. लुकलुक किंवा गुणगुण तिथेच कळते. सिंकच्या वर आणि वाफ जाते तिथे आयपी४४ (पाण्याचे शिंतोडे सहन करणारा दर्जा) किंवा त्यावरचा दिवा लावा. छताच्या पोकळीत उष्णतारोधक थर असेल तर त्याखाली चालेल असं स्पष्ट लिहिलेला दिवाच घ्या. साधा दिवा अशा थराखाली दबला की तापतो, आणि त्यातून आग लागण्याचा धोका असतो.

भोकं पाडण्याआधी दिव्याच्या मापाच्या कागदी चकत्या छताला चिकटवा. उंच कपाटाची दारं उघडून पाहा: दार दिव्याच्या अगदी जवळून जात असेल तर ते उघडलं की मोठी सावली पडते. फॉल्स सीलिंगचा सांगाडा उभा झाला की चकत्यांच्या जागी सांगाड्याची धातूची पट्टी, म्हणजे चॅनल येत नाही ना ते तपासा, कारण चॅनल कापण्यापेक्षा दिवा ५ सेंमी सरकवणं बरं. सरकवायचा तो ओट्याच्या लांबीच्या दिशेने. भिंतीपासूनचं अंतर बदलू देऊ नका. जोडणी परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. बोर्ड लावून छत बंद करण्याआधी मोजायची टेप लावून, मापं दिसतील असे वायरिंगचे फोटो काढा, आणि ड्रायव्हर दिव्याच्याच भोकातून बाहेर ओढता येईल एवढी सैल वायर ठेवायला सांगा.