सीडी प्लेअर, अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर जोडताना या चुका टाळा

माळ्यावरून खाली काढलेला सीडी प्लेअर, लॅमिंग्टन रोडवर घासाघीस करून घेतलेला जुना अ‍ॅम्प्लिफायर आणि नव्या फ्लॅटमध्ये जागा नाही म्हणून एखाद्या काकांनी देऊन टाकलेले स्पीकर, एवढ्या भांडवलावर घरी नीट गाणे ऐकण्याची सोय मुंबईत आजही करता येते. मात्र तिन्ही वस्तू एकत्र आल्यावर पहिल्याच संध्याकाळी काहीतरी बिनसते. एक बाजू मुकी राहते, आवाज फाटतो, किंवा गाण्यामागे अखंड घुमारा चालू राहतो. मग यंत्रच खराब निघाले असे ठरवून दुरुस्तीवाल्याचा शोध सुरू होतो. स्वतःच्या आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या घरी ही जोडाजोड वर्षानुवर्षे करताना मला असे दिसले आहे की दोष यंत्राच्या पोटात क्वचितच असतो. तो बहुतेक वेळा मागच्या बाजूच्या एखाद्या सॉकेटपाशी, तारेच्या टोकापाशी किंवा चुकून दाबलेल्या बटणापाशी असतो, आणि तिथे तो फुकटात सापडतो.

प्लग लावण्याआधी मागची पाटी वाचा

ही चूक मी स्वतः केलेली आहे. मेहुण्यांनी अमेरिकेहून परतताना एक अ‍ॅम्प्लिफायर आणला होता. त्याची चपटी पिन आपल्या सॉकेटमध्ये बसेना, म्हणून मी कोपऱ्यावरच्या दुकानातून अ‍ॅडॉप्टर आणला आणि उत्साहाने बटण दाबले. मागच्या पाटीवर ‘१२० व्होल्ट, ६० हर्ट्झ’ असे स्वच्छ छापलेले होते. ते मी वाचले, पण खोलीत जळका वास पसरल्यानंतर. अ‍ॅडॉप्टर फक्त पिनेचा आकार बदलतो, व्होल्टेज नव्हे. आपल्या घरात २३० व्होल्ट येतात, आणि जपानमधल्या स्थानिक बाजारासाठी बनलेली यंत्रे तर १०० व्होल्टची असतात. काही यंत्रांच्या मागे व्होल्टेज निवडण्याची खाच असते. ती प्लग काढून ठेवूनच फिरवावी. खाच नसेल तर व्होल्टेज उतरवणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि तो घेताना स्पीकरचे वॅट न पाहता पाटीवर लिहिलेली विजेची खपत पाहावी व त्याहून बराच मोठा घ्यावा. १०० व्होल्टच्या यंत्राला ११० चा ट्रान्सफॉर्मर लावून ‘दहाचाच फरक आहे’ असे म्हणू नये, कारण तो फरक दहा टक्क्यांचा आहे. उडालेल्या फ्यूजच्या जागी तेवढ्याच अँपिअरचा फ्यूज घालावा. तांब्याची तार गुंडाळण्याची आपली जुनी हातोटी इथे उपयोगाची नाही.

‘फोनो’ म्हणजे सीडी नव्हे

अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे एकसारख्या दिसणाऱ्या आरसीए (गोल, लाल-पांढऱ्या) सॉकेटांच्या जोड्या असतात, आणि त्यातली पहिली जोडी पुष्कळदा ‘फोनो’ची असते. ही जोडी रेकॉर्ड प्लेअरसाठी आहे. रेकॉर्डच्या सुईतून जेमतेम ५ मिलिव्होल्टच्या आसपास सिग्नल निघतो, तर सीडी प्लेअर पूर्ण आवाजाला साधारण २ व्होल्ट, म्हणजे सुमारे चारशे पट सिग्नल देतो. शिवाय रेकॉर्ड कापताना खर्ज मुद्दाम कमी आणि तार स्वर मुद्दाम जास्त केलेले असतात, ते पूर्ववत करण्यासाठी फोनोचे सर्किट खर्ज उचलते व तार स्वर दाबते. त्यामुळे सीडी प्लेअर तिथे खोचला की आवाज एकदम मोठा, फाटलेला आणि घागरीतून आल्यासारखा घुमणारा येतो. प्लेअर बिघडला असे वाटण्याचे हे सर्वांत नेहमीचे कारण आहे. सीडी, ऑक्स, ट्यूनर किंवा लाइन असे लिहिलेली कोणतीही जोडी चालते. त्यांच्यात सहसा नावापुरताच फरक असतो.

या २ व्होल्टची आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे, आणि तिच्यावर थोडे रेंगाळण्याचे कारण असे की स्पीकर जळतात ते इथेच. बऱ्याच जुन्या अ‍ॅम्प्लिफायरना पूर्ण ताकदीने वाजण्यासाठी लाइन सॉकेटवर १५० ते २०० मिलिव्होल्ट पुरतात. साहजिकच सीडी लावल्यावर आवाजाचा नॉब घड्याळातल्या दहा-अकरावर आला की अ‍ॅम्प्लिफायर आपल्या मर्यादेजवळ पोचलेला असू शकतो. नॉब अजून अर्धा शिल्लक आहे, म्हणजे ताकदही अर्धी शिल्लक आहे, असे समजून पुढे फिरवले की आवाज चरचरू लागतो आणि नाजूक ट्वीटर (स्पीकरमधला तार स्वरांचा छोटा भाग) आधी बळी पडतो. चरचर ऐकू आली की नॉब मागे घ्यावा. आणि ज्या अ‍ॅम्प्लिफायरला आवाजाचा नॉबच नाही, म्हणजे जो निव्वळ पॉवर अ‍ॅम्प्लिफायर आहे, त्याला सीडी प्लेअरचे ठरावीक पातळीचे आउटपुट थेट जोडू नये. पहिल्याच सुराला तो पूर्ण ताकदीने ओरडेल.

सारखी भोके, वेगळी कामे

डिजिटल कोअ‍ॅक्शियल सॉकेट दिसायला हुबेहूब आरसीएसारखे असते. त्यातून सूर बाहेर येत नाहीत, आकडे येतात, आणि ते वाचणारे सर्किट अ‍ॅम्प्लिफायरमध्ये नसेल तर एकतर काहीच ऐकू येत नाही किंवा बारीक खरखर येते. हेच आकडे उजेडातून नेणाऱ्या ऑप्टिकल केबलच्या बाबतीत अजून मजेशीर प्रकार घडतो: तिच्या टोकांवरची प्लास्टिकची टोपणे काढायची राहून जातात. टोपण काढून प्लेअर चालू केल्यावर केबलच्या दुसऱ्या टोकाला लाल उजेड दिसला पाहिजे. ही केबल काचेच्या बांगडीसारखी सांभाळावी, कपाटामागे काटकोनात दुमडू नये.

जुना डीव्हीडी प्लेअर सीडीसाठी वापरणाऱ्यांची फसगत लाल रंगामुळे होते. मागे लाल, हिरवे, निळे असे तीन सॉकेट चित्रासाठी असतात आणि लाल-पांढरी जोडी आवाजासाठी. दोन्हीकडे लाल आहे. अंधाऱ्या कपाटात हात घालून चाचपत पिन खोचली की ती नेमकी चित्राच्या लाल सॉकेटमध्ये जाते आणि उजवी बाजू गप्प बसते. टॉर्च घ्यावा.

एक बाजू मुकी असेल तर अदलाबदल करा

एका स्पीकरमधून आवाज येत नसल्यास नवे काहीही विकत आणण्याआधी क्रमाने अदलाबदल करावी. अ‍ॅम्प्लिफायर बंद करून प्लेअरच्या मागच्या लाल आणि पांढऱ्या पिनांची जागा बदला. मुकी बाजू आता दुसरीकडे गेली, तर दोष प्लेअरमध्ये आहे. ती होती तिथेच राहिली, तर पिना पुन्हा जागेवर आणा आणि केबलच्या अ‍ॅम्प्लिफायरकडच्या टोकांची अदलाबदल करा. आता बाजू बदलली तर केबलची एक तार तुटलेली आहे. तरीही जैसे थे असेल, तर स्पीकरच्या तारा अ‍ॅम्प्लिफायरपाशी बदलून पाहा. या वेळी बाजू बदलली तर दोष अ‍ॅम्प्लिफायरचा, नाही बदलली तर स्पीकरचा किंवा त्याच्या तारेचा. एका वेळी एकच बदल करावा आणि प्रत्येक बदलाआधी यंत्र बंद करावे, एवढेच पथ्य. दोन्ही बाजू गप्प असतील, तर पुढच्या पट्टीवर ‘टेप मॉनिटर’ हे बटण दाबलेले तर नाही ना, ते आधी बघा. ते दाबलेले असले की अ‍ॅम्प्लिफायर सीडी सोडून नसलेल्या टेप डेककडे कान लावून बसतो.

लाल ते लाल, काळा ते काळा

स्पीकरच्या बाबतीत लाल-काळ्याचा घोळ फार चिवट असतो, कारण त्यात काहीच जळत नाही आणि आवाजही येत राहतो. एका स्पीकरच्या तारा उलट लागल्या की एकाचा पडदा पुढे जातो तेव्हा दुसऱ्याचा मागे येतो. खर्ज एकमेकांत विरून जातो आणि गायकाचा आवाज, जो दोन स्पीकरच्या बरोबर मधून यायला हवा, तो खोलीभर विखुरतो. दादरला एका परिचितांच्या घरी तबल्याचा डग्गा ऐकूच येत नव्हता, केवळ चाटीची टकटक येत होती, आणि ते नवा वूफर, म्हणजे खर्जाचा मोठा स्पीकर, घ्यायला निघाले होते. घरात लावलेली तार पारदर्शक, दोन्ही शिरा एकाच रंगाच्या. जवळून पाहिल्यावर एका शिरेच्या प्लास्टिकवर नखाला लागेल एवढी बारीक उभी रेघ सापडली. तिचा माग धरून एका स्पीकरची टोके उलटवली आणि डग्गा परत आला.

रेघही नसेल, तर दीड व्होल्टचा पेन्सिल सेल कामाला येतो. तारा अ‍ॅम्प्लिफायरमधून पूर्ण काढून सेलचे अधिक टोक एका तारेला, उणे टोक दुसरीला क्षणभरच टेकवावे आणि वूफरकडे पाहावे. कागदी शंकू पुढे आला तर अधिक टोकाकडची तार सहसा लालची असते. तार सोलताना एखादा तांब्याचा केस बाहेर राहून शेजारच्या टोकाला शिवणार नाही, हे मात्र पाहावे. तेवढ्या केसाने शॉर्ट होऊन अ‍ॅम्प्लिफायर संरक्षणासाठी बंद पडतो किंवा जळतो.

तारेची जाडी हा वादाचा विषय करण्याची गरज नाही. पाच मीटर अंतराला, म्हणजे जाऊन-येऊन दहा मीटरला, ०.७५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रोध सुमारे ०.२३ ओम होतो आणि २.५ चौरस मिलिमीटरच्या तारेचा सुमारे ०.०७ ओम; ८ ओमच्या स्पीकरपुढे दोन्ही किरकोळ. दहा बाय बाराच्या खोलीत साधी दीड चौरस मिलिमीटरची तार पुरते; सोन्याचा मुलामा दिलेल्या महागड्या केबलपेक्षा ते पैसे सीडींवर खर्च करावेत असे माझे मत आहे. काळजी घ्यायची ती दुसऱ्या जोडीची. ८ ओमचे दोन स्पीकर एकाच बाजूला समांतर जोडले की भार ४ ओमचा होतो, आणि अ‍ॅम्प्लिफायरच्या पाटीवर तेवढ्याला परवानगी नसेल तर तो तापत जाऊन बंद पडतो.

घुमारा

घुमारा प्लेअरमधून येतो की अन्य कुठून, हे ठरवायला डिस्क थांबवावी. एका शेजाऱ्यांनी मला ‘सारखी गुणगुण येते’ म्हणून बोलावले. डिस्क थांबवताच गुणगुण थांबली, कारण ती तंबोऱ्याची होती. खरा घुमारा गाणे थांबले तरी राहतो. तो असल्यास, आणि टीव्हीचा सेट-टॉप बॉक्सही याच संचाला जोडलेला असल्यास, त्या बॉक्सला येणारी केबलची वायर तात्पुरती काढून पाहावी. इमारतीच्या गच्चीवरून येणारी ही वायर एका ठिकाणी अर्थ झालेली असते आणि आपले प्लग दुसऱ्या ठिकाणी. त्या दोन जागांमधून वाहणारा बारीक प्रवाह अ‍ॅम्प्लिफायरमध्ये ५० हर्ट्झचा आवाज होऊन ऐकू येतो. वायर काढल्यावर तो गेला, तर केबलच्या मार्गात आयसोलेटर (हा प्रवाह अडवणारा छोटा जोड) लावावा आणि सर्व यंत्रे एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्यावीत. प्लगची मधली जाड पिन कापून अर्थिंग तोडण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये. जुन्या चाळींत आणि इमारतींत अर्थिंग अनेकदा मुळातच नसते. यंत्राच्या धातूला हात लावताच झिणझिण्या येत असतील, तर गाणे बाजूला ठेवून वायरमनला बोलवावे.

दमट हवेचा हिशेब

मुंबईच्या खाऱ्या, ओल्या हवेत जोडणी एकदा करून विसरता येत नाही. तांब्याची उघडी टोके हिरवट होतात आणि आरसीए पिनांवर पापुद्रा चढतो. अ‍ॅम्प्लिफायरमधल्या रिलेचे (स्पीकर जोडणाऱ्या-तोडणाऱ्या आतल्या स्विचचे) संपर्कही काळवंडतात; एक बाजू हळू आवाजात गायब होते आणि नॉब वाढवताच धप्पकन परत येते, ते याचे लक्षण. एसीच्या थंड खोलीतून प्लेअर दमट खोलीत आणला तर भिंगावर दव जमून तो डिस्क ओळखत नाही. तासाभराने आपोआप वाचू लागतो, त्यासाठी तो उघडू नये. शोकेसच्या बंद कप्प्यात अ‍ॅम्प्लिफायरच्या डोक्यावर प्लेअर ठेवणेही टाळावे, कारण गरम हवेला वर जायला वाट लागते. पावसाळा संपला की दिवाळीच्या साफसफाईत यंत्र बंद करून सगळ्या पिना एकदा बाहेर काढाव्यात, कॉन्टॅक्ट क्लीनरने पुसून फिरवत पुन्हा बसवाव्यात, आणि स्पीकरच्या तारांची काळी पडलेली टोके अर्धा इंच कापून नव्याने सोलून घ्यावीत.