लाकडी वात विझते? आधी कापून बघा

मालवणच्या पावसाळी हवेत बरणीत ओतलेली माझी लाकडी वातीची (धाग्याऐवजी लाकडाची पातळ, चपटी पट्टी) मेणबत्ती पेटायची, तडतडायची आणि लगेच मान टाकायची. मेण बदललं, सुगंधी तेल कमी केलं; फरक शून्य. गोम वातीच्या उंचीत होती. लाकडातून वितळलेलं मेण फार वर चढत नाही. वात उंच राहिली की टोकाचा नुसता कोळसा होतो नि ज्योत उपाशी मरते. नेलकटरने काळं टोक खुडून वात मेणाच्या वर जेमतेम ४ मिलिमीटर ठेवली. बरणी तिरकी धरून पेटती काडी वातीच्या पूर्ण रुंदीवर फिरवली. धरली एकदाची! पहिल्या वेळी मेण काठापर्यंत वितळू द्यायचं, नाहीतर मधेच खड्डा पडतो. कोऱ्या वाती हवाबंद डब्यात. दमट लाकूड धुमसतंच.