अपचन की पित्त? या चुका टाळा

आपल्याकडे पोटात काहीही झालं की एकच शब्द, "पित्त झालंय". जळजळ झाली पित्त, पोट फुगलं पित्त, डोकं दुखलं तरी पित्तच. पहिली चूक इथेच होते, नाव चुकलं की औषधही चुकतं.

जुना शब्द अजीर्ण. जीर्ण म्हणजे जिरलेलं, अजीर्ण म्हणजे न जिरलेलं, इतकं सरळ. जेवल्यावर वरच्या पोटात धोंडा ठेवल्यासारखं वाटणं, चार घासांत पोट भरणं, करपट ढेकर, मळमळ, हे अपचन. छातीत जळजळून आंबट पाणी घशाशी येतं ते पोटातलं ॲसिड अन्ननलिकेत वर चढल्यामुळे. दोन्ही एकदम पण होतं म्हणा.

आता माझंच सांगतो, एका लग्नात मठ्ठा-जिलेबी हाणून घरी आलो, तडक आडवा झालो (चूक नंबर एक, जेवल्यावर दोन-तीन तास तरी आडवं होऊ नये), मग जीव घाबराघुबरा झाल्यावर फसफसणारी पुडी ग्लासात टाकून गटागट प्यायलो, दणकून ढेकर आला आणि वाटलं जिंकलो. अहो, तो ढेकर बराचसा त्या पुडीचाच! सोडा आणि सायट्रिक ॲसिड पाण्यात भेटले की कार्बन डायऑक्साइड सुटतो, तोच बाहेर येतो. ॲसिड थोडं मरतं खरं पण तेलकट जेवण काही त्याने लवकर पुढे सरकत नाही. शिवाय सोडियम भरपूर, बीपीवाल्यांनी तर रोजची सवय लावूच नये.

पॅन्टोप्राझोलची, म्हणजे पोटातलं ॲसिड कमी करणारी गोळी बरेच जण जेवण झाल्यावर त्रास व्हायला लागला की घेतात. ती नाश्त्याच्या साधारण अर्धा तास आधी, उपाशीपोटी घ्यायची असते. आणि डोकेदुखी-गुडघेदुखीसाठी आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक मनाने खात असाल तर पोटाच्या तक्रारीचं मूळ तिथेच असू शकतं, डॉक्टरांना ते आधी सांगा.

उपवासाचं तर विचारूच नका. एकादशी अन् दुप्पट खाशी, तुपातली खिचडी, वर शेंगदाण्याची आमटी, आणि संध्याकाळी "उपवासाने पित्त झालं".

शौचाला डांबरासारखं काळं होणं, रक्ताची उलटी, घास अडकणं, वजन आपोआप उतरणं, यात घरगुती उपाय करत बसू नका. आणि छातीत दाबल्यासारखं दुखून घाम फुटला, कळ हाताकडे-जबड्याकडे गेली तर "गॅस असेल" म्हणत ओवा चावत बसायचं नाही, लगेच १०८ ला फोन लावायचा.