लेश्मॅनियाची लस उंदरांवर तपासण्याआधी: तयारीची यादी

बाल्ब/सी या प्रयोगशाळेतल्या जातीच्या उंदरांवर लेश्मॅनिया मेजर या त्वचेचा आजार देणाऱ्या परोपजीवीविरुद्धचं अँटिजेन (लसीतला, प्रतिकारशक्तीला ओळख करून देणारा भाग) तपासायचं असेल, तर अँटिजेन तयार झालं म्हणून लगेच उंदीर मागवू नयेत. आधी हातातला परोपजीवी अजून आजार देतो का ते बघावं. कल्चरमध्ये पॅसेज (नव्या माध्यमात पुन्हा पुन्हा वाढवणं) वाढत गेले की त्याची मारकता उतरते. मग नुसतं पीबीएस (मिठाचं बफर द्रावण) दिलेल्या उंदरांचेही पाय सुजत नाहीत आणि लस चालली की नाही हे ठरवायला काही उरत नाही. म्हणून संसर्ग झालेल्या उंदराच्या लिंफ नोडमधून परोपजीवी परत काढावा, सुरुवातीच्या पॅसेजच्या भरपूर व्हायल्स द्रव नायट्रोजनमध्ये ठेवाव्यात आणि चार-पाच उंदरांना टोचून सूज येते याची खात्री करावी. हे उंदीर आयएईसीच्या (संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीच्या) अर्जातल्या संख्येत धरायचे हमखास राहतात.

गट किमान चार हवेत: पीबीएस, नुसतं अ‍ॅडज्युव्हंट (लसीचा परिणाम वाढवणारा पदार्थ), नुसतं अँटिजेन आणि दोन्ही मिळून. दुसरा गट खर्च वाचवायला गाळला जातो, पण तो नसेल तर संरक्षण कशामुळे मिळालं ते सांगता येत नाही. प्रत्येकी १० म्हणजे ४० माद्या, वय ६ ते ८ आठवडे, आल्यावर आठवडाभर नुसत्या रुळू द्याव्यात. नर एका पिंजऱ्यात भांडतात आणि चावे घेतात.

विरघळणाऱ्या अँटिजेनसाठी प्रोमॅस्टिगोट (परोपजीवीची कल्चरमध्ये वाढणारी अवस्था) पीबीएसने तीनदा धुवावेत. कल्चरमधलं सीरम राहून गेलं तर उंदीर गाईच्या प्रथिनांविरुद्धही अँटिबॉडी बनवतात आणि एलायझाची (अँटिबॉडी मोजायच्या चाचणीची) पार्श्वभूमी चढते. मग गोठवणं-वितळवणं पाच-सहा वेळा, ४ अंशांवर सेंट्रिफ्यूज, ०.२२ मायक्रॉनचा फिल्टर, बीसीए चाचणीने प्रथिन मोजणं. प्रति डोस २५ मायक्रोग्रॅम, तीन डोस, २० उंदीर असा हिशोब १.५ मिलिग्रॅम होतो. नंतर प्लीहेच्या पेशी पुन्हा उत्तेजित करायलाही तीच बॅच लागते, तेव्हा २.५ तरी बनवावं आणि एकेका डोसपुरत्या भागांत गोठवावं. अँटिजेन ई. कोलायमध्ये बनवलेलं असेल तर एलएएल (एंडोटॉक्सिन मोजणारी) चाचणी चुकवू नये. एंडोटॉक्सिन (जिवाणूच्या आवरणातलं विष) एकटंच प्लीहेच्या पेशींकडून इंटरफेरॉन-गॅमा (संरक्षणाची खूण मानलं जाणारं प्रथिन) काढून घेतं आणि आकडे फुकट गोड दिसतात.

अ‍ॅडज्युव्हंटमध्ये नुसती अ‍ॅलम टाळावी. ती टीएच-२ कडे (या परोपजीवीपासून संरक्षण न देणाऱ्या प्रतिसादाकडे) ओढते आणि बाल्ब/सी आधीच त्या बाजूला कललेला असतो. सीपीजी १८२६ (प्रतिकारशक्ती चेतवणारा डीएनएचा छोटा तुकडा) प्रति डोस ५० मायक्रोग्रॅम धरलं तर दोन गटांना ३ मिलिग्रॅम लागेल.

संसर्गाचा दिवस सगळ्यात नाजूक. शेवटच्या डोसनंतर तीन-चार आठवडे थांबावं. घाई केली तर अ‍ॅडज्युव्हंटने चेतवलेली सर्वसाधारण प्रतिकारशक्तीच लसीचं श्रेय घेऊन जाते. २६ अंशांवर वाढलेले स्थिर अवस्थेतले परोपजीवी प्रति उंदीर २० लाख, ५० मायक्रोलिटरमध्ये, मागच्या एका तळपायात. म्हणजे मिलिलिटरला ४ कोटी. ४० उंदरांना २ मिलिलिटर पुरतं असं कागदावर दिसतं, पण सिरिंजच्या टोकात बरंच अडकतं, म्हणून ३ बनवावं. मोजताना थोडा नमुना फॉर्मॅलिनमध्ये घ्यावा, कारण पोहणारे परोपजीवी हिमोसायटोमीटरवर नीट मोजता येत नाहीत. परोपजीवी नळीच्या तळाशी बसतात. दर वेळी सिरिंज भरण्यापूर्वी नळी हलक्या हाताने उलटीपालटी करावी. एक गट संपवून दुसरा घेऊ नये, चारही गटांतला एकेक उंदीर आलटून पालटून घ्यावा, म्हणजे शेवटच्या गटालाच थकलेले परोपजीवी जाणार नाहीत. उरलेल्यातून थोडे पुन्हा कल्चरला लावून दुसऱ्या दिवशी जिवंत आहेत का ते बघावं.

सूज दर आठवड्याला व्हर्नियरने, त्याच माणसाने आणि गट न कळता मोजावी; दुसऱ्या पायाची जाडी वजा करायची. सूज कमी म्हणजे परोपजीवी कमी असं धरू नये, त्यासाठी लिमिटिंग डायल्यूशनच्या (पातळ करत करत परोपजीवी मोजण्याच्या) प्लेट्स आधीच मागवून ठेवाव्यात. इंटरफेरॉन-गॅमासोबत आयएल-४ आणि आयएल-१० (उलट बाजू दाखवणारी प्रथिनं) यांचे किटही हवेत, आणि आयजीजी१ व आयजीजी२ए हे अँटिबॉडीचे उपप्रकार वेगवेगळे मोजावेत. सी५७ब्लॅक/६ या दुसऱ्या जातीचे उंदीरही घेतले असतील तर त्यांच्यात आयजीजी२ए नसतं, त्यांना आयजीजी२सीचं किट लागतं. जखम फुटली किंवा उंदीर पाय टेकेनासा झाला की त्याला कधी थांबवायचं, ती मर्यादा मिलिमीटरमध्ये अर्जातच लिहावी आणि तोच कागद पिंजऱ्यांच्या खोलीत लावावा.