गणपतीच्या सुट्टीआधी ड्रॉइंगवरची लॉकं सोडताना

गणपतीला बेळगावच्या उद्यमबाग आणि मच्छेतल्या डिझाइनच्या खोल्या ओस पडतात. कुणी खानापूर गाठतो, कुणी चंदगड, कुणी निपाणी. फाइलवरचं लॉक, म्हणजे दुसऱ्याला ती बदलू न देणारं कुलूप, मात्र सर्व्हरवर तसंच राहतं, कारण सबव्हर्जनच्या (फाइलींच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) नेहमीच्या क्लायंटनं लावलेल्या लॉकला मुदत नसते. कास्टिंगच्या थ्रीडी फाइलीत दोघांचे बदल एकत्र करता येत नाहीत, म्हणून तिथं लॉक हवंच. ते सोडायचं काम सुट्टीच्या आदल्या दिवशी दुपारी धरा. संध्याकाळी सगळे एसटीच्या घाईत असतात.

आधी सर्व्हरवर ‘एसव्हीएनअ‍ॅडमिन एलएसलॉक्स’ चालवून पूर्ण यादी काढा. लॉक कुणाच्या नावावर, कधीपासून आणि शेरा काय, हे तिथं दिसतं. शेऱ्यात ‘काम चालू’ एवढंच असेल तर तो असून नसल्यासारखा. चार मशीनवर (म्हणजे कॉम्प्युटरवर) एकच लॉगिन वापरत असाल तर नावालाही अर्थ उरत नाही, म्हणून शेऱ्यात माणूस, मशीन आणि कधीपर्यंत लागेल एवढं लिहायची सवय लावा.

मग प्रत्येक मशीनवर टॉर्टॉइजचं (सबव्हर्जनच्या विंडोजवरच्या क्लायंटचं) ‘चेक फॉर मॉडिफिकेशन्स’ उघडून ‘चेक रिपॉझिटरी’ दाबा. कमांड वापरणाऱ्याला स्टेटसच्या ‘यू’ स्विचनं तेच कळतं: ‘के’ म्हणजे लॉक या वर्किंग कॉपीत (मशीनवर उतरवलेल्या प्रतीत) आहे, ‘ओ’ म्हणजे दुसरीकडं. लॉकचं टोकन, म्हणजे त्याची किल्ली, वर्किंग कॉपीत असतं, नुसत्या नावाला चिकटलेलं नसतं. म्हणून तोच माणूस, तेच लॉगिन, पण मशीन दुसरं असेल तर साधं अनलॉक चालत नाही. आणि साध्या स्टेटसमध्ये ‘एल’ दिसलं तर ते हे लॉकच नव्हे. लाइट गेल्यावर कमिट (बदल सर्व्हरवर चढवणं) अर्ध्यात तुटलं की असं होतं. तिथं ‘क्लीनअप’ मारायचं.

सोडण्याआधी सॉलिडवर्क्स बंद करा. ‘नीड्स-लॉक’ (लॉक घेतल्याशिवाय बदलता येऊ नये अशी खूण) लावलेली फाइल लॉक सुटताच रीड-ओन्ली होते. वर ती उघडी असेल तर सेव्ह अडतं, माणूस ‘सेव्ह अ‍ॅज’ करतो आणि ‘फायनल टू’ नावाचं पिल्लू जन्माला येतं. काम पुरं असेल तर कमिट मारा, लॉक आपोआप सुटतं. इथंच एक खोच आहे: पूर्ण फोल्डर कमिट केलं तर त्याखालची तुमची सगळी लॉकं जातात, न बदललेल्या फाइलींचीसुद्धा. एखादं ठेवायचं असेल तर ती फाइल त्या कमिटमध्ये घेऊ नका. ‘कीप लॉक्स’ची खूण केली तर त्या कमिटमधली सगळीच लॉकं राहतात.

दुसऱ्याचं लॉक तोडायच्या आधी फोन. जांबोटी-कणकुंबीकडं रेंज मिळेलच असं नाही, म्हणून माणूस गाडीत बसायच्या आत विचारा: “अण्णा, पंप हाउसिंगचं लॉक तुमच्या नावावर दिसायलंय. काम अर्धं हाय काय?” अर्धं असेल तर त्यांच्या मशीनवरची फाइल तारीख घालून वेगळ्या जागी कॉपी करा, मगच फोर्स लावून अनलॉक. लॉक तोडल्यानं त्यांचं काम पुसलं जात नाही. पण मधे दुसऱ्यानं कमिट केलं तर परत आल्यावर त्यांना कॉन्फ्लिक्ट (दोघांचे बदल भिडणं) लागतो, आणि दोन मॉडेलं शेजारी ठेवून मशीनिंग अलाउन्स (मशीनिंगसाठी ठेवलेली जादा जाडी) डोळ्यांनी तपासत बसावं लागतं. लॉक तुम्हालाच हवं असेल तर तोडून पुन्हा लावू नका, फोर्सनं थेट घ्या; मधल्या फटीत तिसरा घुसत नाही.

मशीनच बाद झालं असेल तर सर्व्हरवरून ‘एसव्हीएनअ‍ॅडमिन’चीच लॉकं काढायची कमांड, ‘आरएमलॉक्स’. हा उपाय शेवटचा ठेवा: तो हुक (लॉक सुटल्यावर सर्व्हरवर आपोआप चालणारी स्क्रिप्ट) चालवत नाही, त्यामुळं अनलॉकची मेल जायची सोय असली तरी मेल जात नाही. कुणाचं लॉक काढलं ते तुम्हीच कळवा.

सबव्हर्जनऐवजी गिट एलएफएसवर (गिटच्या मोठ्या फाइलींच्या सोयीवर) असाल तर ‘लॉक्स’नं यादी आणि ‘अनलॉक’नं सुटका, कमिट न केलेला बदल असेल तर तो अनलॉकला नकार देतो, हे बरंच आहे.

शेवटी एलएसलॉक्स परत चालवा. जी लॉकं मुद्दाम ठेवली, त्यांची चिठ्ठी सर्व्हरच्या मॉनिटरला चिकटवा. सुट्टीवरून येणाऱ्यानं फाइल उघडण्याआधी अपडेट मारायचं. लॉक तुटलं असेल तर तिथं ‘बी’ दिसतं.