मोबाईलमधले फोटो आणि कागद कॉम्प्युटरवर कसे घ्यायचे

कळंबला माझं झेरॉक्स-प्रिंट आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. येणाऱ्या माणसाचे सगळे कागद आता मोबाईलमध्येच असतात. सातबारा, पासबुकाचा फोटो, लेकीची टीसी, जातीचा दाखला. ते कॉम्प्युटरवर घ्यायचे म्हटलं की पहिलं वाक्य ठरलेलं: "ताई, नंबर सांगा, व्हॉट्सॲपला टाकतो." मी म्हणते, थांबा काका, वायर लावू.

का, ते सांगते. २०२५ च्या सप्टेंबरात अतिवृष्टी झाली तेव्हा मांजरा नदीकाठच्या गावांतून लोक मोबाईलमध्ये फोटो घेऊन यायचे. खरडून गेलेली जमीन, पाण्यात उभं सोयाबीन, गाळानं भरलेल्या विहिरी. एका काकांनी विहिरीचा फोटो पुण्याच्या पोराला पाठवला होता, पोरानं तोच परत पाठवला, आणि प्रिंट काढली तर गाळ कुठला नि पाणी कुठलं ते ओळखू येईना. मग त्यांच्या मोबाईलला वायर लावून मूळ फोटो काढला. त्यात गाळात रुतलेला पाइप दिसत होता, कडेची स्टार्टरची पेटीही दिसत होती. त्या फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये डिटेल्स उघडलं, तर फोटो काढल्याची तारीख, वेळ आणि अक्षांश-रेखांशसुद्धा. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोत यातलं काहीच नव्हतं. व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करतं आणि ही माहिती काढून टाकतं. एचडी निवडलं तरी मूळ फोटो जसाच्या तसा जात नाही. पाठवायचाच असेल तर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, मग तो जसा आहे तसा पोचतो. (अक्षांश-रेखांश हवे असतील तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन आधीपासून चालू पाहिजे.)

आता वायरीचं. निम्म्या तक्रारी इथंच असतात: "फोन लावलाय, पण नुसतं चार्जिंगच व्हायलंय." आधी वायर बदलून बघा. बाजारात काही स्वस्त वायरी फक्त चार्जिंगच्या असतात. त्यांच्यात वीज नेणाऱ्या दोनच तारा असतात, डेटाच्या तारा नसतातच. त्या वायरीनं कितीही खटपट केली तरी फाइल दिसणार नाही. फोनच्या डब्यातली मूळ वायर असेल तर ती जपून ठेवा.

वायर बरोबर असेल तर फोनचं लॉक उघडा. स्क्रीन वरून खाली ओढा. यूएसबीनं चार्जिंग चालू असल्याची सूचना दिसेल, तिच्यावर बोट ठेवा आणि फाइल ट्रान्सफर निवडा. अँड्रॉइड ६ पासून फोन कॉम्प्युटरला लावला की आपोआप फक्त चार्जिंगवर जातो. तुमच्या परवानगीशिवाय कोणी फाइल बघू नये म्हणून ही सोय आहे, आणि ती चांगलीच आहे. मग कॉम्प्युटरवर विंडोजचं बटण आणि ई एकदम दाबा, धिस पीसीमध्ये तुमच्या फोनचं नाव येईल. नाव आलं पण आत रिकामं, तर समजा फोनचं लॉक परत पडलंय.

आत इंटर्नल स्टोरेज, आणि मेमरी कार्ड असेल तर ते वेगळं. कॅमेऱ्याचे फोटो डीसीआयएम (DCIM) नावाच्या फोल्डरमध्ये, त्यातल्या कॅमेरा फोल्डरमध्ये. ऑनलाइन काढलेला सातबारा बहुतेक वेळा डाउनलोडमध्ये सापडतो. व्हॉट्सॲपवर आलेले कागद मात्र लोकांना सापडत नाहीत, कारण नव्या फोनमध्ये ते आत खोल गेलेत. आधी अँड्रॉइड, त्यात मीडिया, त्यात कॉम डॉट व्हॉट्सॲप, मग व्हॉट्सॲप, मग परत मीडिया. तिथं इमेजेस, डॉक्युमेंट्स, व्हॉइस नोट्स असे वेगवेगळे फोल्डर आहेत. शेकडो फाइल असतील तर डेट मॉडिफाइडवर क्लिक करून तारखेनं लावा. नाव आठवत नसलं तरी कधी आलं ते माणसाला आठवतंच.

फोन पेनड्राइव्हसारखा वागत नाही, हे लक्षात ठेवा. जुने फोन आपलं सगळं स्टोरेज कॉम्प्युटरच्या ताब्यात द्यायचे. आता एमटीपी नावाची पद्धत असते. किराणा दुकानदार काउंटरवर उभा राहून मागेल ती वस्तू काढून देतो, तसा फोन एकेक फाइल काढून देतो. म्हणून फाइल थेट फोनमधून उघडून दुरुस्त करू नका, आधी डेस्कटॉपवर कॉपी करा. आणि कट कधीच करू नका. मोठा व्हिडिओ जाताना वायर हलली किंवा लाइट गेली तर फाइल अर्धवट राहायची भीती. कॉपी करा, दोन-चार फाइल उघडून बघा, फोल्डरची साइज जुळते का बघा, मगच फोनमधलं काढा. आत्ताच काढलेला फोटो कॉम्प्युटरवर दिसत नसेल तर वायर काढून परत लावा. तरी नाही दिसला तर फोन बंद करून चालू करा.

आयफोन असेल तर फोनवर ट्रस्ट विचारेल, ते दाबून पासकोड टाका. विंडोजवर तिथं फक्त फोटो-व्हिडिओ दिसतात. फोटो जुन्या कॉम्प्युटरवर उघडत नसतील तर आयफोनच्या फोटोज सेटिंगमध्ये मॅक किंवा पीसीला पाठवण्याचा पर्याय ऑटोमॅटिक ठेवा.

वायरच नसेल तर गूगलचं क्विक शेअर हे वायरीशिवाय फाइल पाठवायचं ॲप विंडोज १० आणि पुढच्या कॉम्प्युटरवर टाकता येतं. घरी फोन आणि कॉम्प्युटर एकाच वायफायवर असतील तर लोकलसेंड हे फुकट ॲप मला जास्त सोपं वाटतं, आणि त्यात नेटचा डेटाही खर्च होत नाही. ब्लूटूथनं एखादी पीडीएफ ठीक, लग्नाचे व्हिडिओ पाठवत बसू नका.

दुकानात, दुसऱ्याच्या कॉम्प्युटरला फोन लावताना मात्र एवढं करा. मी स्वतः दुकान चालवते म्हणूनच कळकळीनं सांगते. फाइल ट्रान्सफर निवडलं की समोरच्याला तुमचे फोटो, आलेले कागद, आवाजाचे मेसेज, सगळं उघडता येतं. फक्त फोटोच द्यायचे असतील तर त्याच यादीत पीटीपी असतं, ते निवडा. त्यात कागदपत्रांचे फोल्डर दिसत नाहीत. काम झालं की तुमच्या फाइल तुमच्यासमोर पुसायला सांगा आणि रिसायकल बिनसुद्धा रिकामं करून घ्या. आधार आणि पासबुक असेल तर भीड धरू नका. आणि कधी तिथल्या कॉम्प्युटरवर व्हॉट्सॲप वेब उघडलं असेल, तर दुकानातून निघायच्या आधी आपल्या फोनमध्ये लिंक्ड डिव्हाइसेस उघडून तिथून लॉग आउट करा.