डी.एड.च्या वर्गात रोमचा इतिहास शिकवताय? मग या चुका टाळा

डी.एड.ला इतिहास शिकवताना एक गोष्ट कायम डोक्यात ठेवावी लागते. आपण काही चुकीचं सांगितलं तर ते एका वहीत राहत नाही, उद्या तीच मुलगी चौथी-पाचवीच्या वर्गावर जाणार आणि चाळीस पोरांना तेच सांगणार, दरवर्षी नवीन चाळीस. रोमच्या बाबतीत हे जास्तच होतं कारण आपल्यापैकी बहुतेकांचं रोम पिक्चरमधून आलेलं असतं. म्हणून मी आता प्रत्येक तासाला एकच प्रश्न फळ्यावर लिहून ठेवते, "हे आपल्याला कळलं कसं?"

पहिली चूक म्हणजे ऐकीव गोष्ट इतिहास म्हणून सांगणं. रोम जळत होतं आणि सम्राट नीरो फिडल वाजवत होता, हे सगळ्यांना पाठ आहे, पण आग लागली इ.स. ६४ मध्ये आणि व्हायोलिनसारखं वाद्य आलं त्यानंतर जवळपास दीड हजार वर्षांनी. टॅसिटस नावाचा रोमन इतिहासकार लिहितो की आग लागली तेव्हा नीरो रोमबाहेर अँटियम गावी होता, परत आल्यावर त्याने बेघर लोकांसाठी आपल्या बागा उघडल्या, आणि तोच टॅसिटस हेही लिहितो की नीरो ट्रॉय या जुन्या शहराच्या नाशावर गात होता अशी लोकांत अफवा होती. आता टॅसिटस स्वतः तेव्हा लहान मुलगा होता, त्याने हे लिहिलं खूप वर्षांनी, मग त्याला कुणी सांगितलं असेल? इथे वर्ग जागा होतो बघा, अर्धा तास चर्चा चालते. कलोसियमचंही, म्हणजे रोममधल्या खेळांच्या त्या भव्य गोल इमारतीचंही तसंच, नीरो तिथे बसून खेळ बघायचा असं सर्रास सांगतात, पण तो इ.स. ६८ ला मेला आणि कलोसियम सुरू झालं इ.स. ८० मध्ये.

"सम्राट ज्युलियस सीझर" हे तर पाठ टाचणात, म्हणजे शिकवण्याआधी लिहायच्या आराखड्यात, हमखास येतं. एका वर्षी मी अशाच टाचणावर सही केली होती आणि मुलीने सराव पाठात ते तसंच शिकवलं, मला आजही वाईट वाटतं त्याचं. सीझर तहहयात डिक्टेटर झाला होता, सम्राट कधीच नव्हता. इ.स.पू. ४४ मध्ये त्याचा खून झाला, आणि पहिला सम्राट ऑगस्टस, इ.स.पू. २७ पासून.

सगळ्यात जास्त अडतं ते इ.स.पू. मोजताना. ऑगस्टस जन्मला २३ सप्टेंबर इ.स.पू. ६३ ला, वारला १९ ऑगस्ट इ.स. १४ ला, तर वय किती? निम्मी मुलं ६३ मधून १४ वजा करतात आणि ४९ म्हणतात, उरलेली बेरीज करून ७७ म्हणतात. बरोबर उत्तर ७५! कारण इ.स.पू. १ नंतर थेट इ.स. १ येतं, मध्ये शून्य वर्ष नाहीच, म्हणून एक कमी, आणि वाढदिवसाला महिनाभर बाकी होता म्हणून आणखी एक कमी. हे फळ्यावर समजावत बसू नका. व्हरांड्यात सुतळी लांबवर पसरा, वर्षांच्या चिठ्ठ्या लावा आणि मुलांना त्यावरून चालायला लावा, शून्याची चिठ्ठी कुणी मागितली की तिथेच थांबा आणि बोला. चालून बघितलेलं विसरत नाहीत.

महिन्यांची एक गंमत वर्गात खूप चालते पण त्यातही खड्डा आहे. सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर यात आपले सप्त, अष्ट, नव, दश ऐकू येतात, कारण लॅटिन आणि संस्कृत एकाच भाषाकुळातल्या. मग नववा महिना "सातवा" कसा? लगेच कुणीतरी सांगतं की जुलै-ऑगस्ट हे दोन महिने मध्ये घुसवले. नाही. क्विंटिलिस आणि सेक्स्टिलिस म्हणजे पाचवा-सहावा हे महिने आधीपासून होतेच, त्यांची फक्त नावं बदलली. जुनं रोमन वर्ष मार्चपासून सुरू व्हायचं, तिथून मोजा, बरोबर येतं.

पॉम्पेई या रोमन शहराचे फोटो दाखवताना "माणसांचे दगड झाले" असं तर अजिबात बोलू नका. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेत माणसं गाडली गेली, शरीरं कुजून गेली, राखेत पोकळी उरली आणि १८६३ मध्ये तिथलं उत्खनन करणाऱ्या फिओरेली यांनी त्या पोकळ्यांत प्लास्टर ओतलं. वर्गात करून बघा, शाडूच्या मातीच्या दोन तुकड्यांत भुईमुगाची शेंग दाबायची, अलगद काढायची, तुकडे परत जोडून कडेला आधीच पाडून ठेवलेल्या भोकातून प्लास्टर ओतायचं. टरफलावरची जाळीसुद्धा उठते.

आणि नुसते राजे-लढाया शिकवू नका हो. इंग्लंडच्या उत्तरेला विंडोलांडा नावाच्या रोमन छावणीत पातळ लाकडी पट्ट्यांवर शाईने लिहिलेली पत्रं सापडलीत, इ.स. १०० च्या आसपासची. एका पत्रात कुणालातरी मोजे आणि आतले कपडे पाठवल्याचा उल्लेख आहे. दुसऱ्यात क्लॉडिया सेवेरा आपल्या मैत्रिणीला, सुल्पिसिया लेपिडिनाला, वाढदिवसाला बोलावते, पत्र लेखनिकाने लिहिलंय पण शेवटच्या ओळी तिच्या स्वतःच्या हातच्या, वेगळ्या अक्षरात, त्यात ती तिला बहीण म्हणते. मी त्याचा मोठा प्रिंट काढून नेते, पहिली पाच मिनिटं काहीच सांगत नाही, फक्त अक्षर कुठे बदललं ते शोधायला लावते.

शेवटची चूक आपल्या भागाचा संबंध ताणण्याची. कोल्हापूरला ब्रह्मपुरीत पोसायडन या समुद्रदेवाची ब्राँझची मूर्ती सापडली, ती टाऊन हॉल म्युझियममध्ये आहे, आणि पॉम्पेईत सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीसारख्या मूर्ती तेर आणि भोकरदनलाही मिळाल्यात. हे ऐकून मुलं लगेच "रोमन कोल्हापुरात राहायचे" असं लिहून टाकतात. मूर्ती आली म्हणजे ती बनवणारा आला असं होत नाही, चार व्यापाऱ्यांच्या हातून फिरतसुद्धा आली असेल. म्हणून मी म्युझियमला नेते तेव्हा आधी वहीत दोन रकाने आखायला लावते, एकात "दिसतंय काय" आणि दुसऱ्यात "मला वाटतंय काय", आणि पहिला रकाना भरल्याशिवाय दुसऱ्यात पेन टेकवू देत नाही.